जांभळीचा करगोटा

दत्तू, फ्लेक्सवर तुझा फोटो चांगला आलाय. अंगात कोट आहे. तू जन्मात कधी कोट घातला नाहीस, पण फ्लेक्सवाल्याकडं कोट तयारच असतात, मुंडकं तेवढं बदलतात. वर दोन्ही बाजूंना पुढाऱ्यांच्या रांगा, आणि मधे तू, त्यांच्यापेक्षा लहान. खाली सोनेरी अक्षरांत 'वृक्षमित्र'. हा फ्लेक्स निरगुडसरच्या वेशीत लागला, मढच्या स्टँडवर लागला, तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं. आपल्या जुन्नर-आंबेगावात माणूस फ्लेक्सशिवाय मरतच नाही. पण एक फ्लेक्स त्यांनी वर देवराईत नेला आणि तुझ्या जांभळीला खिळ्यांनी ठोकला. चौकट नीट बसेना, मधे एक पत्र्याची पट्टी येत होती, म्हणून ती पट्टी त्यांनी पक्कडीनं कापून टाकली.

तुझी पट्टी. माझ्या दुकानात बसून मी कापलेली, आणि तू जांभळीच्या कमरेला बांधून इतकी वर्षं दर महिन्याला जाऊन वाचलेली.

तू गेल्यापासून मी रडलेलो नाही. घरात सगळ्यांना त्याचंच नवल वाटतंय. मला सारखा राग येतो. सकाळी दुकानाचं शटर वर करताना येतो, जेवताना येतो, गिऱ्हाईक कडी-बिजागरीचा भाव करायला लागलं की येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतो. तशी सवय जुनीच आहे. मंचरच्या शाळेत एका बाकावर बसवलं तेव्हापासून आपण भांडतोय. तू निरगुडसरहून सायकलवर येणारा, मी पेठेतल्या मारवाड्याचा पोरगा. माझ्या डब्यात कांदा-लसूण नाही म्हणून तू हसायचास आणि तोच डबा आधी संपवायचास.

गेलास त्याच्या आदल्या दिवशीचं आधी काढतो. तू दुकानात आलास, गल्ल्यासमोरच्या स्टुलावर बसलास आणि छाती चोळत राहिलास. मी विचारलं, काय होतंय.

"पित्त हाय रं शेठ. राती भरीत खाल्लं."

"पित्त डाव्या हातात उतरतं होय? ऊठ. समोर डॉक्टर बसलाय, कार्डिओग्राम काढून घेऊ."

"उंद्या वर जाऊन रीडिंग घिऊन येतो, मंग जातो की. जांभळ आकसाया लागलीया. आत्ताचं रीडिंग हुकलं म्हंजे हुकलं."

मी भडकलो. गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "मापून झाड वाचतं का रे? एवढी वर्षं मापतोयस, एक तरी वाचवलंस?"

तू हसलास. "डॉक्टर तरी काय करनार हाय? मापनारच की."

तेवढ्यात कुणीतरी पाइपाचा कोपरा मागितला, मी तो काढायला आत वळलो आणि तू उठून गेलास. उत्तर सुचलं ते तुझ्या दशक्रियेला. डॉक्टर आधी मापतो आणि मग गोळी देतो, गाढवा. तू नुसता मापत राहिलास आणि गोळीची वेळ आली तेव्हा डोंगरावर होतास. वर जाऊन रीडिंग घेतलंस, खाली उतरून मढच्या स्टँडवर चहा सांगितलास, आणि बाकावर बसल्या जागी मान टाकलीस. तो हॉटेलवाला मला परत परत सांगत होता, शेठ, चहा निम्मा बी पेला न्हाई. जसं काही पूर्ण प्यायला असतास तर बरं झालं असतं.

आणि दशक्रिया. नदीच्या घाटावर मंडप, माइक, प्रवचन, मग भाषणं. एकानं सांगितलं, दत्तात्रयरावांनी हजारो झाडं लावली. दुसऱ्यानं सांगितलं, त्यांनी डोंगर हिरवा केला. दत्तू, तू एकसुद्धा झाड लावलं नाहीस. दारात तुळस आहे ती वहिनींनी लावलेली. मला उठून माइक हिसकावून सांगावंसं वाटत होतं की ह्या माणसानं झाडं लावली नाहीत, झाडं मापली. पण दशक्रियेला कोण असं सांगतं? लोक म्हणाले असते, शेठचं डोकं फिरलं. पिंडाला कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, त्यांची कायबी इच्छा राहिली न्हवती. मी त्या कावळ्याकडं बघत बसलो. त्याला कुठं माहीत होतं की जांभळीचं पुढचं रीडिंग कोण घेणार, हे ठरलेलंच नाही.

हे मापायचं खूळ तू उत्तरेतून आणलंस. पुण्यात शिकलास आणि हिमालयात देवदारांच्या जंगलात मोजमापाच्या नोकरीला गेलास. गावात सगळ्यांना वाटायचं, दत्तू मिलिटरीत आहे. मी एकदा बायकोला घेऊन आमच्या जैनांच्या हस्तिनापूरच्या यात्रेला आलो होतो, तेव्हा तुझ्या हट्टानं तसाच वर आलो. अजून आठवतं. देवदार इतके सरळ की मान दुखली. मधल्या मोकळ्या जागेत पांढरी झडपांची पेटी, तिच्यात थर्मामीटर. बर्फ मापायची पट्टी, मातीत खुपसलेल्या नळ्या, आणि झाडांच्या कमरेला चकचकीत पट्टे. थंडीनं माझे दात वाजत होते आणि तू मला एकेका झाडापाशी नेऊन ओळख करून देत होतास.

मग तू खिशातून पेन्सिलीएवढी लाकडाची काडी काढलीस. तिच्यावर बारीक रेघा होत्या. म्हणालास, ह्या झाडाचं वय, कुठल्या वर्षी पाऊस कमी, कुठल्या वर्षी थंडी जास्त, सगळं हिच्यात आहे. मी विचारलं, ही काडी काढली कशी? तर म्हणालास, गिरमिटानं.

आपलं तिथं जुंपलं. देवदाराखाली उभं राहून मी तुला पाप-पुण्य सांगितलं. जित्या झाडात गिरमीट घालतोस? मी सुतारांना गिरमिटं विकतो, पण ती वाळल्या लाकडासाठी. तू ऐकून घेतलंस. म्हणालास, राळ येते, भोक बुजतं, झाडाला फार कळत नाही. मी म्हणालो, तुला काय ठाऊक त्याला कळत नाही? हे मापलंस का? तू काडी परत खिशात ठेवलीस. मग म्हणालास की आपल्याकडं गिरमिटाचा उपयोगच नाही. देवदार बर्फात झोपतो, उन्हाळ्यात जागा होतो, म्हणून त्याच्या अंगात वर्षाची रेघ उमटते. आपल्या सह्याद्रीतली सदाहरित झाडं अशी झोपत नाहीत, त्यांच्यात अशी स्पष्ट रेघ सापडत नाही.

"मंग त्यांचं कसं कळायचं?" मी तुझीच बोली बोललो.

"कमरंला पट्टा बांधायचा अन् दर म्हयन्याला जाऊन बघायचं. दुसरा मार्ग न्हाई."

"मग घरी ये आणि तिथं बांध की. इथं कशाला गारठतोयस?"

मी हे सहज बोललो होतो. तू खरंच आलास. नोकरीचं कंत्राट संपल्यावर पुण्यातल्या एका संस्थेच्या गळी उतरवलंस आणि मढच्या वरची देवराई धरलीस. तू परत आलास याचा मला किती आनंद झाला होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. उलट पहिल्याच दिवशी म्हणालो, पेन्शनीच्या वयात डोंगर चढायची हौस आलीय तुला.

पट्टे बनवायचं काम माझ्याकडं आलं. मी तुला आधीच बजावलं, खिळा देणार नाही. माझ्या दुकानातला खिळा जित्या झाडात जाणार नाही. पुण्याच्या त्या संस्थेतल्या साहेबांचं म्हणणं होतं, खुणेसाठी एक बारीक खिळा लागतोच. तू म्हणालास, आमचा शेठ देत नाही. मग आपण दोघांनी बसून जमवलं. स्टीलची पातळ पट्टी खोडाभोवती फिरवायची, एक टोक दुसऱ्या टोकावरून सरकवायचं, आणि दोन्ही टोकं स्प्रिंगनं ताणून धरायची. पट्टीला एक खिडकी पाडायची. झाड फुगलं की स्प्रिंग ताणते आणि खिडकीतली खूण पुढं सरकते, झाड आकसलं की मागं. व्हर्नियर, म्हणजे केसाएवढं अंतर मापायची सरकपट्टी, लावायचा आणि वाचायचं. झाडाला ओरखडासुद्धा नाही.

पण देवराईचा कायदा वेगळाच निघाला. तिथं लोखंड आत नेत नाहीत. कोयता, कुऱ्हाड, साधा विळा, सगळं बाहेरच्या दगडापाशी ठेवायचं. देवराईचं बघणारे बुधाजी दगडावर बसून होते. तू पट्टी दाखवलीस. ते म्हणाले, "ह्ये लोखंडच हाय की."

मी म्हणालो, "बाबा, हे स्टील आहे."

"स्टील म्हंजे लोखंडाचंच पोरगं न्हवं?"

त्यांचं चुकलं नव्हतं. मग मी खिशातून चुंबक काढला. भंगारवाल्यांसाठी मी तो कायम जवळ ठेवतो. पट्टीला लावला, चिकटला नाही. बुधाजींच्या विळ्याला लावला, टक्कन चिकटला. बुधाजींनी चुंबक हातात घेतला आणि स्वतः पट्टीवर फिरवला, पुन्हा विळ्यावर फिरवला. चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं. तेवढ्यात तो स्प्रिंगजवळून गेला आणि स्प्रिंग जरा ओढली गेली. तू पाहिलंस, मी पाहिलं, बुधाजींनीही पाहिलं. शेवटी बुधाजीच म्हणाले, "थोडं थोडं देवालाबी चालतं." आणि चुंबक परत केला.

पट्टी जांभळीला बांधून झाली तेव्हा ते म्हणाले, करगोटा बांधला म्हणायचा. तेच नाव पडलं. तू काही वर्षांनी पट्टी बदलायला काढलीस तेव्हा मी सोबत होतो. तू आधी नवी पट्टी बांधलीस, जुनीच्या खाली चार बोटं, आणि जुनी तशीच ठेवलीस. मी म्हणालो, दोन दोन कशाला? तू सांगायच्या आधी बुधाजींनीच सांगितलं. पोराचा करगोटा आखूड झाला की काय करतात? आधी नवा बांधायचा, मग जुना तोडायचा. कंबर मोकळी ठेवायची नाही. तू हसत हसत म्हणालास, शास्त्रातही हेच आहे. नव्या पट्टीला खोडावर बसायला एक पावसाळा लागतो. तोवर दोन्ही वाचायच्या, मग जुनीची गोष्ट नवीला जोडता येते.

जांभळ उन्हाळ्यात बारीक होते, हे मी आधी मानलं नव्हतं. मला वाटलं, तू काहीतरी सांगतोस. चैत्रात नेलंस आणि खिडकीतली खूण मागं गेलेली दाखवलीस. एवढं थोरलं झाड, माझ्या चार कवांत न मावणारं, तहानेनं आकसत होतं आणि खालून कुणाला पत्ताही नव्हता. त्या दिवशी मी बुंध्याला हात लावून बराच वेळ उभा होतो. तुला वाटलं, मी दमलोय.

नंतर तू म्हणायला लागलास की आकसणं लवकर सुरू होतंय. धुकंही पूर्वीसारखं थांबत नाही. मी विचारलं, म्हणजे काय, झाडं मरणार का? तुझं ठरलेलं उत्तर, "अजून थोडी वर्षं बघू दे." ह्या उत्तरानं मी किती वेळा तुझ्यावर खेकसलो असेन. मी व्यापारी माणूस. मला आज भाव काय तो सांग. तू कधी सांगितला नाहीस. वर्तमानपत्रातला एक पोरगा आला होता, त्याला मोठी बातमी पाहिजे होती, त्यालाही हेच सांगितलंस. तो उठून गेला. अजून थोडी वर्षं बघू दे म्हणणाऱ्यानं निदान दवाखान्यात जावं, एवढी अक्कल तुला असायला हवी होती.

तेरावं झालं आणि बुधाजींचा फोन आला. "शेठ, जरा वर यून जावा." आवाज बरा नव्हता. त्याच्या आदल्या दिवशी सुमनवहिनींनी तुझा व्हर्नियर माझ्या हातात दिला होता. "भावजी, तुमच्याच दुकानाचा हाय, तुमीच ठिवा. मला त्याच्याकडं बघवत न्हाई." मी तो आणि त्याच्याबरोबर दिलेली तुझी रीडिंगची वही पिशवीत टाकून तसाच निघालो.

देवराईत शिरलो आणि तू हसताना दिसलास, निळ्या कोटात. चारही कोपऱ्यांना खिळे. खिळ्यांखालून रस ओघळून वाळला होता. पट्टी खाली पाचोळ्यात पडली होती, स्प्रिंगसकट. बुधाजी उघड्या बुंध्याकडं बघत होते. पट्टी होती तिथं खोडावर एक फिकट वळ राहिला होता, सगळीकडून.

"शेठ," ते म्हणाले, "मानूस गेल्यावं करगोटा तोडत्यात. हिचा जितेपनी तोडला."

मी दगडावर जाऊन बसलो. त्यांनी फ्लेक्सला हात लावला नव्हता. म्हणाले, फोटो तुमच्या मित्राचा हाय, कसा काढू?

निघताना फ्लेक्सच्या खालच्या ओळीत नाव वाचलं. समस्त भाचे मंडळी, पिंपळवंडी. म्हणजे तुझा सागर. आपण मढला जाताना ज्याच्या घरी हमखास चहाला थांबायचो तो. मी थेट त्याच्या दारात गाडी लावली. ट्रॅक्टरखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. मी तसंच सुरू केलं. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, तुझी बहीण ओट्यावर उभी होती. लोखंड नेलंस, खिळे मारलेस, करगोटा तोडलास, मामानं इतकी वर्षं सांभाळलेलं एका पक्कडीत घालवलंस.

तो बाहेर आला. हात ग्रीसनं काळे. "काका, मला काय म्हाईत ती पट्टी कशाची व्हती? मला वाटलं कुनी वायर-बियर बांधली आसंल. मामाचं लाडकं झाड व्हतं म्हून तितं लावला. बाकीच्या फ्लेक्सला वर्गणी व्हती, त्यो येकला मी माज्या खिशातनं केला."

"आणि खिळे? देवराईत खिळे न्यायला कुणी सांगितलं?"

"खिळं तुमच्याच दुकानातनं आनलं, काका. तुमच्या मुलानं दिलं. मी म्हनलं मामाच्या फोटोला पायजेत, तर पैसं बी घेतलं न्हाईत."

दत्तू, मी तिथंच पायरीवर बसलो. सागर माझ्यासमोर उकिडवा बसला आणि ग्रीसच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागला. त्याला तू पोहायला शिकवलंस, दहावीला गणित शिकवलंस. पण जांभळीला काय बांधतोस, ते कधी सांगितलं नाहीस. मला सांगितलंस, बुधाजींना सांगितलंस, पुण्याच्या साहेबांना सांगितलंस. घरच्यांना वाटत राहिलं, मामा जंगलात फिरतो. म्हणून हाही राग तुझ्याच खाती.

पुण्याच्या साहेबांचं तर विचारूच नको. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, दोन शब्द बोलतील. बोललेही. वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, शेवटचं रीडिंग तेवढं पाठवा. पट्टी तुटल्याचं सांगितलं तर म्हणाले, मग तसंही ते झाड बाद करावं लागेल, आणि माणूसही नाही, तर ती जागा बंदच करू. बाद. इतक्या सहज तर मी गंजलेला नटबोल्टही बाद करत नाही. मी म्हणालो, माणूस आहे. त्यांनी विचारलं, कोण? मी फोन ठेवला. तोवर मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सागरला घेऊन वर गेलो. पक्कड आणि खिळेओढ्या बाहेरच ठेवायला हवा होता, पण बुधाजींनी स्वतःच आत आणायला सांगितलं. म्हणाले, लोखंड काढाया लोखंड लागतं, देव समजून घील. सागरनं एकेक खिळा हळू ओढला. प्रत्येक खिळ्याला मी डोळे मिटत होतो. तुझा फ्लेक्स गुंडाळून त्यानं काखेत धरला. मग मी नवी पट्टी बांधली, त्याच वळावर. माझ्या हाताला तुझ्या हाताची सफाई नाही. स्प्रिंग दोनदा सुटली, एकदा अंगठ्याला लागली.

व्हर्नियर लावायच्या वेळी सागर हळूच म्हणाला, "काका, मामाचं शेवटचं रीडिंग तुमच्याकडं हाय ना? मंग पट्टी सरकवून त्याच आकड्यावं आना की. मधी तुटली व्हती ह्ये कुनाला कळतंय?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मामाचं काम मोडलं ते त्याला जोडायचं होतं. पण माझा आवाज देवराईभर घुमला असेल. वानरं पळाली. मी त्याला म्हणालो, अरे, तुझा मामा ह्या एका गोष्टीवर कुणाशीही भांडायचा. पावसामुळं एकदा त्याला वर जाता आलं नाही तर साहेब म्हणाले, मागचा-पुढचा आकडा बघून मधला भरून टाका. त्यानं भरला नाही. म्हणाला, म्या बघितलं न्हाई तर बघितलं न्हाई. ती जागा कोरीच राहिली. दत्तू, मी तेव्हा तुला हट्टी म्हणालो होतो. आणि परवा सागरला तेच सांगताना माझा आवाज तुझ्यासारखा निघत होता. पट्टी तुटली तर तुटली म्हणून लिहायचं. मधलं जुळवायचं नाही.

वहीत तसंच लिहिलं. पट्टी तुटली, नवी बांधली, जोड नाही. तुझं जिथं संपलं तिथं संपलं. माझं नव्यानं सुरू झालं, आणि ते वाईट अक्षरात आहे.

आता खरी अडचण सांगतो. नव्या पट्टीला बसायला पावसाळा लागतो, हे तुझंच. झाड भरतं ते पावसाळ्यातच. म्हणजे आषाढापासून दर महिन्याला कुणीतरी त्या ओल्या रानातून जांभळीपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर हा पट्टा नुसता दागिना. सागर जातो म्हणतो. एक-दोनदा जाईलही, पण त्याचा जीव ट्रॅक्टरात. बुधाजींना बारीक रेघा दिसत नाहीत. राहिलो मी. आणि माझं तुला माहीत आहे. आमच्या घरात चौमासात हिरव्यावर पाय ठेवत नाहीत. माझ्या आजोबांनी ठेवला नाही, वडिलांनी ठेवला नाही. शेवाळात अनंत जीव असतात, पावलागणिक हिंसा. इतकी वर्षं तुझ्याबरोबर आलो, पण दिवाळीनंतर आणि आषाढाच्या आत. तू मला कालव्याच्या पाण्यावरून आठमाही म्हणायचास. "आमचा शेठ आठमाही हाय, बारमाही न्हाई." तुझ्या त्या चार महिन्यांत तू एकटा काय बघत होतास ते मी कधी विचारलं नाही. भिजून यायचास, पायाला जळवा लागलेल्या असायच्या, आणि मी दुकानातून म्हणायचो, लांब उभा राहा, गाळ पडतोय.

यंदा मी जाणार आहे. घरी अजून सांगितलेलं नाही. सांगेन तेव्हा घरात काय होईल ते डोळ्यांसमोर आहे. दगडावरून दगडावर पाय टाकत जाईन, जमेल तेवढं जपेन, तरी जे पायाखाली जाईल ते जाईल. त्याचं पाप मी माझ्या अंगावर घेतलंय, तुझ्यावर ढकलत नाही.

पण एक हिशेब तुझ्याशी आहे. दरवर्षी संवत्सरीला, आमच्या क्षमा मागायच्या दिवशी, मी तुझ्यापुढं हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायचो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा कर. आणि तू हातातला पेढा तोंडात टाकून विचारायचास, "कशाबद्दल त्ये सांग की. मोघम माफी आपुन देत न्हाई, राव." दरवर्षी. मी चिडायचो आणि तेवढ्यानं पुढच्या वर्षाची सुरुवात व्हायची.

यंदाच्या संवत्सरीला मी मोघम मागणार नाही. पायाखाली आलेल्या शेवाळाची मागेन, त्या चार खिळ्यांच्या भोकांची जांभळीपाशी मागेन, पायरीवर रडवलं म्हणून सागरची मागेन. तुझी मागणार नाही, दत्तू. यंदा तू मागायची. आणि मोघम नाही. छातीत कळ येत होती आणि मला पित्त म्हणालास, त्याची.